डीप फ्रीझरचा प्लग आणि समृद्धीचा टोल

२०२५ च्या दिवाळीनंतर नागपूरला आत्याच्या मुलीचं लग्न होतं. बाबांना आता रेल्वेचा वरचा बर्थ झेपत नाही आणि खालचा मिळाला नाही, म्हणून ठाण्याहून गाडीनेच जायचं ठरलं. गाडी विजेची, नेक्सॉन, ४५ युनिटची बॅटरी. बाबांची सगळी नोकरी एसटीत, जालना आगारात ड्रायव्हर म्हणून गेली. लांबच्या पल्ल्याला विजेची गाडी न्यायची यावर त्यांचा विश्वास नव्हता आणि ते त्यांनी कल्याण फाट्यापर्यंत तीनदा सांगितलं.

आधी पैशांचं बोलते, कारण मला सगळे तेच विचारतात. घरी चार्ज केलं, वरच्या स्लॅबचा दर, वहन आकार आणि १६ टक्के विद्युत शुल्क धरलं, तरी मला किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये पडतात. आधीची पेट्रोलची गाडी सात रुपये खायची. म्हणजे किलोमीटरमागे साडेचार रुपये वाचतात. पण गाडी घेतानाच तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षा तीन लाख जास्त मोजलेत. ते फिटायला पासष्ट-सत्तर हजार किलोमीटर पळावं लागतं. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवरचा ५ टक्केच राहिला, त्यामुळे आता घेणाऱ्याला हा फरक आणखी जाणवेल. ज्याचं रोजचं चालणं पन्नास-साठ किलोमीटर आहे आणि ज्याच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरचा प्लग आहे, त्याने बिनधास्त घ्यावी. दोन्हींपैकी एक जरी नसेल तर कागद-पेन घेऊन बसावं. आमच्या सोसायटीत प्लगची परवानगी मिळवताना मी दोन वार्षिक सभा भांडले आहे. बाहेरचं फास्ट चार्जिंग वीस-बावीस रुपये युनिट आणि वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे हायवेवर किलोमीटरला चार रुपये. डिझेलची गाडी पाच रुपयांत नेते. रोज बाहेर चार्ज करणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

भिवंडीजवळ आमणेला समृद्धी महामार्गावर चढलो. इगतपुरीचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा बाबांना फार आवडला. कसारा घाटात रात्र रात्र अडकून काढलेला माणूस तो, बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत एक शब्द बोलला नाही. शिर्डीला उतरून चार्जिंग, जेवण, दीड तास. उतरताना फास्टॅगमधून टोल कापल्याचा मेसेज आला. विजेच्या गाड्यांना समृद्धीवर टोल माफ आहे, राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात तसं लिहिलंय. बूथवरच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, मॅडम, सिस्टीममध्ये अजून आलं नाही.

आता मेहकर. हे लिहायला बसले ते खरं तर त्याच्यासाठी.

अ‍ॅपवर मेहकर एक्झिटपाशी चार्जर दिसत होता, हिरवा, चालू. त्याच्या भरवशावर शिर्डीहून निघालो होतो. पोचलो तेव्हा बॅटरी चौदा टक्के आणि दुपारचे तीन. चार्जरचा स्क्रीन काळा. आजूबाजूला माणूस नाही. कंपनीच्या नंबरवर फोन लावला तर पलीकडची मुलगी हिंदीत म्हणाली, तक्रार नोंदवली आहे, ४८ तासांत माणूस येईल. ४८ तासांत लग्न होऊन वऱ्हाड घरी गेलं असतं. पुढचा खात्रीचा चार्जर कारंज्याला, शंभरेक किलोमीटरवर. चौदा टक्क्यांत चाळीस किलोमीटर जाता येतं. बाबा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, इतकं मला त्या शांततेचं दडपण आलं.

एक्झिटपासून थोडं आत, जुन्या रस्त्याला एक हॉटेल दिसलं. पत्र्याची शेड, चार टेबलं, मागे कापणी झालेलं सोयाबीनचं रान. मालक पस्तिशीचा, खांद्यावर टॉवेल. मी अडचण सांगितली. साध्या प्लगवर चालेल का, त्याने विचारलं. पंधरा अँपिअरचा लागेल, म्हटलं. तो आत गेला आणि दोन मिनिटांनी बाहेर आला. "ताई, पावर प्लग एकच हाय, डीप फ्रीझरचा. काढतो त्याले."

मी नको म्हणाले. फ्रीझरमध्ये दुधाच्या पिशव्या होत्या, आइस्क्रीम होतं. तोवर त्याच्या बायकोने प्लास्टिकच्या क्रेटमध्ये सगळं भरलंसुद्धा होतं आणि क्रेट डोक्यावर घेऊन ती शेजारच्या किराणा दुकानाकडे निघाली होती. तिथल्या फ्रिजमध्ये ठेवायला. आम्ही कोण, कुठले, किती पैसे देणार, यातलं काही विचारायच्या आधी.

प्लग लावला तर गाडीसोबतच्या चार्जरच्या डबीवर लाल दिवा. अर्थिंग नाही. ही डबी अर्थिंगशिवाय एक युनिटसुद्धा घेत नाही, आणि ते बरोबरच आहे, पण त्या क्षणी मला रडू यायचं बाकी होतं. बाबा उठले. बोर्ड उघडून पाहिला, म्हणाले, वायर आहे, खाली जमिनीत काही नाही. मालकाने विहिरीवरून लोखंडी पहार आणली. शेडच्या मागे, भांडी घासायच्या जागेपाशी जमीन कायम ओली असते, तिथे दोघांनी मिळून ती घणाने ठोकली. गुडघाभर उरली तेव्हा थांबले. मग बाईने मिठाचं पाणी ओतलं. तांब्याची तार पहारेला गुंडाळून बोर्डात आणली, आणि डबीवरचा दिवा हिरवा झाला. बाबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि पहिल्यांदाच माझ्या गाडीकडे आपली असल्यासारखं पाहिलं.

तासाला तीन युनिट या हिशोबाने पाच तास लागले. त्या पाच तासांत शेवभाजी, भाकरी, ठेचा, दोनदा चहा झाला. मालकाचा मुलगा गाडीत बसून सगळी बटणं दाबून आला. बाबा आणि मालक बाजेवर बसून सोयाबीनवर बोलत होते. सरकारने हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर केला, पण त्याचा माल त्याच्या बराच खाली गेला, कारण खरेदी केंद्र सुरू व्हायची वाट पाहायला हातात पैसा नव्हता. मग त्याने मला विचारलं, "तुम्हाले टोल माफ हाय ना ताई?" कागदावर आहे, म्हटलं, पण कापून घेतात. "म्हणजे आमच्या हमीभावासारखंच झालं," तो म्हणाला, आणि उठून पुढच्या गिऱ्हाइकाला पाणी द्यायला गेला.

निघताना मी पाचशे पुढे केले. त्याने दोनशे घेतले, पंधरा युनिटचे. त्याचं मीटर व्यावसायिक दराचं, त्यात फ्रीझर पाच तास बंद, त्यामुळे दोनशेत त्याला काहीच सुटलं नसणार. जेवणाचे वेगळे, पाटीवर लिहिलेत तेवढेच. बाबांनी मुलाच्या हातात नोट ठेवली तेव्हा बाई म्हणाली, खाऊसाठी देताय म्हणून घेतो. कारंज्याला रात्री साडेनऊला पोचलो, बारा टक्क्यांवर. नागपूरला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. वीज सगळी मिळून चोवीसशे रुपयांच्या आत, पेट्रोलने बावन्नशे लागले असते. टोल मात्र पुरता कापला गेला होता, जवळपास साडेचौदाशे.

सरकारने सवलत देऊ नये असं मी म्हणत नाही. सवलतीशिवाय माझ्यासारख्या पगारदार बाईने ही गाडी घेतली नसती. मला राग दुसऱ्या गोष्टीचा येतो. धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं लिहिलंय. त्या हिशोबाने शिर्डीपासून मेहकरपर्यंत आठ-नऊ तरी ठिकाणं व्हायला हवी होती. सवलतींचं राजकारण मात्र वर्षभर जोरात चाललं. मार्चमधल्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर लावायचा प्रस्ताव आला आणि त्याच अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतला. तीस लाखांवरची गाडी घेणाऱ्याला ही सूट का, याचं उत्तर मला अजून पटलेलं नाही. त्या करातून किती आले असते ते असोत, ते चार्जर दुरुस्त ठेवायला लावायचे. त्याच वेळी एसटी ५,१५० ई-बस भाडेतत्त्वावर घेणार होती आणि त्यांची वाट पाहणं चालूच आहे. १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर पहिली शिवाई, म्हणजे एसटीची विजेवरची बस, धावली, १९४८ मध्ये एसटीची पहिली गाडी जिथे धावली त्याच मार्गावर. त्या दिवशी बाबांनी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं. ज्यांच्या दारात कधीच गाडी येणार नाही त्यांना विजेवरच्या प्रवासाचा फायदा एसटीतूनच मिळू शकतो, आणि त्यालाच सगळ्यात जास्त उशीर होतोय.

लग्न छान झालं. जेवणात सावजी होतं, दुसऱ्या दिवशी पुरण. आम्ही उतरलो होतो आत्याकडे कोराडीला.

काका औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेत. ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच तिथे आहेत, शेजारी खापरखेडा, खाली चंद्रपूर. आत्या कपडे घरात वाळत घालते. गच्चीवरचे पापड-कुरडया तिने केव्हाच बंद केल्या. २०२२ च्या जुलैत खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत शिरलं, ते तिने जाऊन पाहिलंय. मी कौतुकाने सांगत होते की ठाण्यात माझ्या गाडीतून धूर निघत नाही. काका म्हणाले, "निघतो ना बेटा, इथे निघतो." त्यांच्या आवाजात दोष नव्हता. त्याच केंद्राने त्यांची दोन मुलं शिकवली, घर बांधलं, आणि ते त्यांनी लगेच सांगितलंही. कोळशाच्या विजेवर चालूनही ही गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा एकूण कार्बन कमीच सोडते, हे मला माहीत आहे, मी वाचलंय, आणि ते खरं आहे. पण तो उरलेला धूर कुणाच्या अंगणात पडतो हा प्रश्न त्याने सुटत नाही. मुंबई-ठाण्याची हवा स्वच्छ करायची योजना आखताना कोराडीच्या राखेचं काय करणार, हे त्याच कागदावर लिहिलं पाहिजे. माझा टोल माफ करता तर इथल्या दवाखान्यात फुप्फुसाची तपासणी फुकट करा. आत्याला तीन वर्षं खोकला आहे आणि प्रत्येक तपासणीला ती रिक्षा करून नागपूरला जाते.

परतीचा प्रवास सुरळीत झाला, बाबा जालन्याला उतरले.

आम्ही परतल्यावर डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात टोलचा विषय निघाला. विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी आठ दिवसांत टोलमाफी लागू करा आणि कापलेले पैसे परत द्या, असे निर्देश सरकारला दिले. बातमी वाचून पहिला फोन बाबांचा आला. फास्टॅगचे सगळे मेसेज मी जपून ठेवलेत, परताव्याचा अर्ज करणार आहे, तो माझा हक्क आहे. मसुदा बाबांनी केलाय. टोलचं एका ओळीत संपवून पुढची दीड पानं त्यांनी एसटीवर लिहिलीत: राज्यात अडीचशेच्या आसपास आगारं आहेत, जवळपास प्रत्येक तालुक्याला जागा आहे, बहुतेक ठिकाणी रात्रंदिवस माणूस हजर असतो, पाणी आहे, संडास आहे, मोठं वीज कनेक्शन लागणारच आहे. ई-बससाठी चार्जर बसवाल तेव्हा दोन खासगी गाड्यांसाठी बसवा, त्याचे पैसे एसटीला मिळू द्या. मेहकर आगाराचं नाव त्यांनी यादीत सगळ्यात वर घातलंय.