बांगड्यांच्या काचांची माणसं

चंडीगडात सगळं कसं सरळ. रस्ते सरळ, चौक आखीव, वस्त्यांना नावांऐवजी आकडे. त्यामुळे सेक्टर 1 मधल्या रॉक गार्डनमध्ये पहिल्याच दाराशी कमरेत वाकावं लागलं, तेव्हा मावशी वैतागली. "अगं, एवढी मोठी बाग केली, दार नीट करायला काय झालं होतं?" पुढे अशी बरीच दारं लागली. चौथ्या-पाचव्या दारापासून तिची कुरकूर थांबली, कारण वाकून उठावं तर समोर दर वेळी काहीतरी भलतंच असायचं.

माझा यात थोडा स्वार्थ होता. घरच्या बागेत मी हौसेने एक सिमेंटचं बदक, दोन बुटके आणि घागर घेतलेली एक बाई आणून ठेवली आहे. चौघंही हिरवळीवर बस चुकल्यासारखी उभी असतात. नेमकं कुठे बिनसतंय ते बघायचं होतं.

ही बाग नेकचंद सैनी यांची. जन्म 1924 चा, गाव फाळणीत पाकिस्तानात गेलेलं. सार्वजनिक बांधकाम खात्यात ते रस्त्यांचे निरीक्षक होते. नव्या शहरासाठी जुनी गावं पाडली गेली, तेव्हा फुटक्या कपबश्या, फरश्या, बांगड्या, दिव्यांची बटणं यांचे ढीगच्या ढीग पडले. हा माणूस दिवसभराची नोकरी संपली की ते सगळं सायकलवरून जंगलात नेत असे. नदीपात्रातले चित्रविचित्र दगडही. ती जमीन मोकळी ठेवायची असं ठरलेलं होतं, म्हणजे सगळं काम बेकायदा. 1957 च्या सुमारास सुरू झालेला हा उद्योग सरकारला कळला तो थेट सत्तरच्या दशकात. पाडायचं की ठेवायचं यावर खल झाला आणि 1976 मध्ये बाग लोकांना खुली झाली. पुढे 1984 मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. बेकायदा बांधकामाचा असा शेवट आपल्याकडे क्वचितच होत असेल!

बायकांच्या पुतळ्यांपाशी मी बराच वेळ थांबले. आत लोखंडी सांगाडा, कुठे कुठे चक्क सायकलचे भाग. त्यावर सिमेंट, आणि ते ओलं असतानाच दाबून बसवलेले काचेच्या बांगड्यांचे तुकडे. हिरवे, लाल, मधूनच एखादा पिवळा. तुकडे बारीक, अगदी खेटून लावलेले, त्यामुळे अंगावर कापड चढवल्यासारखं दिसतं. चेहरा मात्र साधा, दोन डोळे आणि एक आडवं तोंड. यातली एकटी बाई उचलून माझ्या हिरवळीवर ठेवली असती, तर तीही बस चुकल्यासारखीच दिसली असती. इथे त्या उतारावर रांगांनी उभ्या आहेत, खांद्याला खांदा लावून, सगळ्या आपल्याकडेच बघतायत. आपण त्यांना बघायला आलोय हे क्षणभर विसरायलाच होतं.

आणि दुसरं म्हणजे वाटा. एकही वाट पुढचं सगळं दाखवत नाही. भिंत वळते, जिना खाली उतरतो, पाण्याचा आवाज येतो पण धबधबा दिसत नाही. तेलाच्या पिंपात काँक्रीट ओतून केलेल्या भिंती आहेत, विजेच्या चिनीमातीच्या सॉकेटांनी मढवलेली एक आख्खी भिंत आहे. हे सगळं एकाच मैदानात मांडलं असतं तर भंगाराचं दुकान वाटलं असतं.

झोपाळ्यांचा भाग मला फारसा रुचला नाही. तिथे सगळं ऐसपैस आहे, आणि गर्दी पुतळ्यांची नाही, माणसांची. मावशी मात्र झोपाळ्यावरून उठायलाच तयार नव्हती.

परतल्यावर बदक हिरवळीवरून उचललं आणि वाट वळते तिथे, कर्दळीच्या आड ठेवलं. बुटक्यांना फुटक्या कुंड्यांच्या गराड्यात बसवलं. घागरवालीचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही, ती सध्या गच्चीच्या जिन्याखाली आहे. दोन दिवसांनी शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "बदक चोरीला गेलं का गं तुझं?"