लिंबूटिंबू

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. तुमच्या आधीही बऱ्याच जणांनी विचारलंय. बँकेतल्या मैत्रिणींनी, धाकट्या जावेनं, माझ्या गुडघ्याचे व्यायाम घेणाऱ्या मुलीनंसुद्धा. शब्द वेगवेगळे, प्रश्न एकच: धावता येत नाही, उडी मारता येत नाही, दर वेळी पहिल्याच फेरीत हरता, तरी बॅडमिंटनच्या मिक्स डबल्सला, म्हणजे एक बाई-एक पुरुष अशा जोडीनं खेळायच्या सामन्यांना, नाव का देता?

विचारण्यात गैर काही नाही. मी ४८ वर्षांची आहे, तळपाय सपाट आहेत, चष्म्याशिवाय पलीकडच्या रेषा दिसत नाहीत. गेल्या तीन वर्षांत चार स्थानिक स्पर्धांमध्ये मिश्र दुहेरीत उतरले आणि चारही सामने हरले. पाचव्यासाठी नाव देणार आहे. त्याचं कारण सांगायला मला सांगलीच्या वाड्यापर्यंत मागे जावं लागतं.

गावभागातल्या आमच्या वाड्याच्या अंगणात संध्याकाळी डबा ऐसपैस, लगोरी, लपंडाव चालायचं. मी लिंबूटिंबू होते. इतर पोरं पाच-सहा वर्षांची झाली की लिंबूटिंबूतून बाहेर पडत. मी अकरा वर्षांची होईपर्यंत तिथंच राहिले. माझा वेग पाहून सगळ्यांनी न बोलता ते ठरवून टाकलं होतं. कुणी वाईट वागलं नाही. उलट फार प्रेमानं वागले. मला हात लावला तरी मी आऊट नसायची, मी कुणाला शिवले तरी ते धरलं जायचं नाही. माझ्यावर कधी राज्य आलं नाही. भोंडल्यात, भातुकलीत मी सगळ्यांच्या बरोबरीची असायची, पण पळायचा खेळ सुरू झाला की माझं असणं-नसणं सारखंच. ज्याच्यावर कधीच राज्य येत नाही त्या पोराला काय वाटतं, हे मी आजही नीट शब्दांत सांगू शकत नाही. शाळेच्या क्रीडादिनी बाईंनी मला गुण लिहायला बसवलं, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. सवय झाली होती.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, बॅडमिंटनचे वेडे होते. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांचं नाव ते घरच्या माणसासारखं घ्यायचे. १९५६ साली मलायात (आताच्या मलेशियात) सेलांगरची स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय खेळाडू ठरले, १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मान त्यांनाच मिळाला. दादा वर्तमानपत्राची गुंडाळी करून ओसरीत बॅकहँड दाखवायचे. माझ्या भावाला त्यांनी रॅकेट आणून दिली. मला द्यावी असं त्यांना सुचलं नाही, आणि मागावी असं मला सुचलं नाही.

ती माझ्या हातात आली ४४व्या वर्षी, पुण्यात. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली होती. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी सात-आठ बायका नायलॉनच्या फुलांनी, म्हणजे शटलनी, खेळायच्या, त्यांना एक जण कमी पडत होती.

या खेळानं मला आत घेतलं ते त्या फुलामुळे. आपल्याकडे जुनी माणसं शटलला फूलच म्हणतात आणि मला तोच शब्द बरोबर वाटतो. पिसांचं खरं फूल घ्या हातात: बुचात खोवलेली १६ पिसं, वजन जेमतेम पाच ग्रॅम. रॅकेटवरून ते भयंकर वेगानं सुटतं. आपला दुहेरीतला खेळाडू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या स्मॅशचा, म्हणजे वरून खाली हाणलेल्या फटक्याचा, वेग २०२३मध्ये ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला, पण तो रॅकेटवरून सुटतानाचा. पुढे पिसांची झालर हवेला अडते आणि फूल असं मंदावतं, की उंच मारलेलं असेल तर शेवटी सरळ खाली पडतं. चेंडू असं करत नाही. आयुष्यभर मी चेंडूंना उशिरा पोचत आले. फूल मात्र, आमच्या पातळीवरच्या खेळात तरी, मला एक श्वास घेण्याइतका वेळ देतं. पहिल्या संध्याकाळी मी त्याखाली वेळेत जाऊन उभी राहिले. ते खाली आलं आणि मी ते परत पाठवलं. घरी आल्यावर कितीतरी वेळ मी तशीच बसून होते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे राहायला होता. तो लहानपणापासून खेळलेला. एका रविवारी त्यानं आम्हा बायकांचा खेळ पाहिला आणि जेवताना म्हणाला, "काकू, माझ्याबरोबर मिक्सला खेळशील?"

मी म्हटलं, "अरे, माझ्यामुळे तू हरशील."

"हरलो तर हरलो. तू सर्व्हिसला घाई करत नाहीस, ते मला हवंय."

माझ्यातलं काहीतरी कुणाला खेळासाठी हवं आहे, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग सर्व्हिस. दुहेरीतली सर्व्हिस बाहेरून पाहणाऱ्याला फार साधी वाटते. नेट मध्यावर ५ फूट उंच असतं, खांबांपाशी ५ फूट १ इंच. माझी उंचीही ५ फूट १ इंच. फुलानं नेटच्या वरून जेमतेम बोटभर अंतरानं जायचं, नेटपासून साडेसहा फुटांवरच्या रेषेच्या पलीकडे पडायचं, आणि तेही नेट ओलांडताना उतरणीला लागलेलं हवं. चार बोटं वर गेलं, की समोरचा पाऊल पुढे टाकून ते आपल्याच पायाशी आपटतो. मारायचं खालूनच. आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०१८पासून फुलाला रॅकेट लागते ती जागा जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवी असा नियम आहे, आमच्याकडे पंच अजून कमरेवरच नजर ठेवतात. या एका फटक्याला धावावं लागत नाही, उडी लागत नाही. अंगठा ग्रिपवर सपाट टेकवायचा, फूल दोन बोटांत पिसांनी धरायचं, आणि ढकलायचं.

मी चार महिने रोज सकाळी साडेसहाला रिकाम्या हॉलमध्ये जायची. पुतण्यानं नेटच्या वर वीतभर अंतरावर सुतळी बांधून दिली होती. त्या फटीतून रोज ५० फुलं. खेळून पिसं मोडलेली फुलं मी डब्यात जमवून ठेवली होती, तीच वापरायची. सुरुवातीला ५०पैकी सात-आठ नीट जायची. मार्चपर्यंत ३५च्या पुढे जायला लागली. बँकेत वर्षअखेरीची धांदल होती, तरी मी एकही सकाळ चुकवली नाही.

मिक्स डबल्सबद्दल एक सांगायला हवं, कारण पुष्कळांना वाटतं की तो हौसेचा प्रकार आहे, नवरा-बायकोनं मिळून खेळायचा. खुद्द ऑलिंपिकनंही त्याला थांबवून ठेवलं होतं. १९९२ला बार्सिलोनात बॅडमिंटन आलं ते एकेरी आणि दुहेरी घेऊन, मिश्र दुहेरीला १९९६च्या अटलांटापर्यंत वाट पाहावी लागली. पण हा फार बारकाईचा खेळ आहे. बाई नेटपाशी, पुरुष मागे, ही नेहमीची मांडणी. पुरुष सर्व्हिस करतो तेव्हासुद्धा बाई त्याच्या पुढे उभी असते. मागचा स्मॅश मारतो ते सगळ्यांना दिसतं, पण समोरच्याला फूल वर उचलायला लावते ती पुढची. वर्ध्यात जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि व्ही. दिजू या जोडीनं २००९मध्ये तैवानमधली ग्रां प्री स्पर्धा जिंकली होती. त्यांचे जुने सामने मी थांबवून थांबवून पाहते आणि फक्त पुढची अर्धी बाजू पाहते.

आता पहिल्या स्पर्धेचं. बाकीच्या तीन सामन्यांबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे, हा मात्र मला फुलागणिक आठवतो.

समोर पन्नाशीतलं जोडपं होतं. ते गृहस्थ डावखुरे, उंच, कॉलेजात खेळलेले. पहिला गेम आम्ही ८-२१ असा हरलो. पण माझ्या मनाला लागलं ते वेगळंच. आमच्या बाजूचं कोर्ट २० फूट रुंद, २२ फूट लांब. म्हणजे ४४० चौरस फूट, पुण्यातल्या वन बीएचकेएवढी जागा. ती सगळी पुतण्या एकटा सांभाळत होता. "सोड, काकू! माझं! सोड!" आणि मी सोडत होते. तो घामानं निथळत होता आणि मी कोरडी होते.

दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटं मिळतात. पाणी पिताना मी त्याला म्हटलं, "नेटजवळचं सगळं माझं. चुकलं तरी माझं. तू ओरडू नकोस."

तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "बरं. पण रॅकेट खाली नाही सोडायची, काकू. काही झालं तरी नाही."

दुसऱ्या गेममध्ये त्यानं शब्द पाळला. पण आता पलीकडून निराळंच सुरू झालं. त्या गृहस्थांनी पाहिलं असणार की या बाईंना झेपत नाहीये. पुतण्याकडे ते दणदणीत मारायचे आणि माझ्याकडे फूल आलं की अलगद, उंच, लहान मुलाला द्यावं तसं द्यायचे. मी चुकले तरी "हरकत नाही, ताई" म्हणायचे. मनापासून म्हणत होते. आणि माझ्या पोटात एकदम ते सांगलीचं अंगण उभं राहिलं.

तुम्हाला नियम माहीत नसेल म्हणून सांगते. पूर्वी दुहेरीत सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच गुण मिळायचा. २००६पासून प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून फूल पडेपर्यंतच्या प्रत्येक खेळीला, गुण आहे. फूल कुणाच्याही हातून पडो, पलीकडच्या फळ्यावर आकडा चढतो. म्हणजे तिथं माझी प्रत्येक चूक लिहिली जात होती, पंचाच्या कागदावर, शाईनं. अंगणात जे कधीच धरलं गेलं नाही ते इथं पूर्ण धरलं जात होतं. नेमकं तेच मला हवं होतं, आणि समोरचा सज्जन माणूस आपल्या चांगुलपणापायी ते माझ्या हातून काढून घेत होता.

५-११ला मिनिटभराची विश्रांती झाली. कोर्टवर परत येताना मी नेटपाशी गेले आणि त्यांना म्हटलं, "दादा, तुम्ही माझ्याकडे हळू मारताय. नका. जसं त्याला मारता तसं मारा."

ते ओशाळले. "तसं नाही हो ताई, उगाच लागायला नको…"

त्यांच्या बायको मागून म्हणाल्या, "त्या बरोबर सांगतायत. मारा."

पहिला स्मॅश माझ्या खांद्याला लागला. नायलॉनचं नव्हतं, पिसांचंच होतं, तरी दुसऱ्या दिवशी तिथं नाण्याएवढा निळा डाग होता. दुसरा मी पाहिलाच नाही. पुतण्या मागून काहीच बोलला नाही, आणि ते त्याला किती जड गेलं असेल ते मला कळत होतं. मग माझी सर्व्हिस आली. सुतळी डोळ्यांसमोर आणली. फूल नेटला घासल्यासारखं गेलं, समोरच्या बाईंना ते वर उचलावं लागलं, पुतण्यानं मारलं, परत आलं, त्यानं पुन्हा मारलं, आणि तिसऱ्यांदा त्याच्या रॅकेटवर नीट न बसल्यानं ते त्या गृहस्थांच्या डाव्या हातावर उंच गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला दिसलं त्यांनी पाहिलेलं. मी गुडघे वाकवले, रॅकेट पोटासमोर आडवी धरली, अंगठा मागून टेकवला. त्यांनी पूर्ण ताकदीनं मारलं. मी हात हलवला नाही. फूल माझ्या रॅकेटवर आदळलं, ताकद सगळी तिथंच विरली, आणि ते नेटच्या मधोमध, जिथं जाळी इंचभर खाली असते तिथून पलीकडे कलंडलं. त्या बाई धावल्या, पण नाही पोचल्या.

पुतण्या किंचाळला. मी किंचाळले नाही, मला आवाजच फुटत नव्हता. त्या गृहस्थांनी रॅकेटवर दोनदा हात मारून दाद दिली, आणि पुढच्याच रॅलीत पुन्हा माझ्याच अंगावर मारलं. तो मला परत नाही करता आला. याचा मला जितका आनंद झाला तितका आधीच्या गुणाचाही झाला नव्हता.

तो गेम आम्ही १३-२१ हरलो.

तुम्ही म्हणाल, मग सोसायटीतच खेळावं, स्पर्धा कशाला? सोसायटीत आम्ही मैत्रिणी आहोत. एकमेकींचे गुडघे, सुनेचे फोन, कुणाचं मागच्या आठवड्यात झालेलं ऑपरेशन, सगळं माहीत असतं आणि ते फटक्यात उतरतं. उतरायलाच हवं, मला त्या संध्याकाळी प्रिय आहेत. पण स्पर्धेत समोरच्याला माझं काही माहीत नसतं. त्याला २१ गुण हवे असतात आणि मी त्याच्या वाटेत उभी असते. तिथं माझ्यावर राज्य येतं.

पुतण्याला आता बंगळुरूला नोकरी लागली आहे. डिसेंबरच्या स्पर्धेची नावं पुढच्या रविवारपर्यंत द्यायची आहेत. मी बी विंगमधल्या निवृत्त काकांना विचारलं. ते ६३ वर्षांचे आहेत, मागून अजून छान ड्रॉप, म्हणजे नेटपलीकडे अलगद पडणारं फूल, टाकतात, पण धावणं त्यांनाही जमत नाही. ते थोडा वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "पुढचं सगळं तुम्ही घ्याल?"

मी हो म्हटलं. उद्या सकाळी साडेसहाला ते हॉलवर येणार आहेत. सुतळी मी आजच पिशवीत टाकली आहे.