दुकानातला तो मरायला टेकलेला गेको घ्यायचा का?

पेट शॉपच्या काचेमागे लेपर्ड गेको (लोक पाळतात ती ठिपक्यांची पालीसारखी सरड्याची जात) दिसला, शेपटी काडीसारखी, डोळे खोल गेलेले, बोटांवर जुन्या कातीचे तुकडे तसेच चिकटलेले. गेको चरबी शेपटीतच साठवतो, म्हणजे ती बारीक झाली की समजायचं बरेच दिवस नीट खाणं नाहीये, आणि कात अडकून राहिली की रक्त पोचत नाही, बोटं गळतात पण. जीव तुटतो बघून, मान्य. पण पैसे मोजून उचललात तर दुकानदारासाठी तो नुसता खपलेला माल, थोड्या दिवसांनी त्याच टाकीत दुसरा येणार. शिवाय कॅल्शियम न मिळून हाडं मऊ पडली असतील तर वाकलेला जबडा सहसा परत सरळ होत नाही, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांतलं कळणारा डॉक्टर शोधणं ही वेगळीच कटकट. वाचला तर १५-२० वर्षं सांभाळायचाय, हे कोणी बोलतच नाही! माझं मत, आधी मालकाशी शांतपणे बोला, नाहीच ऐकलं तर फोटो काढून प्राणीमित्र संस्थेकडे तक्रार टाका. फुकट देत असेल आणि घरी हीट मॅट, थर्मोस्टॅट तयार असेल तर मात्र घ्या, फक्त आधीचा गेको असेल तर याला काही महिने वेगळ्या खोलीत ठेवा आणि विष्ठा तपासून घ्या, क्रिप्टो (आतड्यातला परजीवी, क्रिप्टोस्पोरिडियम) पसरला तर दोघंही जातील.