मान मंदिराची पिवळी बदकं आणि देशोदेशीची निळाई

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, मान मंदिर या राजवाड्याच्या बाहेरच्या भिंतीवर पिवळ्या बदकांची एक रांग आहे. खाली निळ्या पट्ट्या, मधे केळीची झाडं, कुठे हत्ती, कुठे मगर. दगडात खाच पाडून तिच्यात झिलईच्या टाइलचे तुकडे बसवले आहेत. काही जागी तुकडा निखळून नुसती खाच उरली आहे, आणि ही खाचच आधी पाहावी. टाइल किती जाड होती, चुन्यावर किती टेकली होती, कडेला दगडाचा आधार किती होता, हे सगळं तिथे उघडं पडलेलं असतं.

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या आमच्या मराठी घरांत बाहेरगावचा पाहुणा आला की किल्ला उतरताना एक प्रश्न ठरलेला. जुन्या इमारती सगळ्यांत सुंदर कोणत्या देशाच्या? इटली म्हणायचं, इराण म्हणायचं, की आपलंच म्हणायचं? मी देशांची सरसकट यादी कधीच करत नाही. घुमट, जाळी, टाइल, खांब यांतला एक भाग धरायचा आणि त्या भागापुरता क्रम लावायचा. मग वाद घालायलाही मजा येते. ग्वाल्हेरची सोय अशी की एका दिवसात यातले तीन भाग पायाखालून जातात. फिरण्याचा तपासून पाहिलेला क्रम देतो.

सकाळ हजीरा भागाजवळ सूफी संत मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्यापासून सुरू करा, किल्ल्यापासून नाही. कारण जाळी. अकबराच्या काळातली ही चौरस इमारत, कोपऱ्यांवर षट्कोनी बुरुज, आणि चारही बाजूंनी दगडी जाळ्यांच्या भिंती. सूर्य खाली असताना जाळीची नक्षी जमिनीवर लांब पसरते, दहा-अकरानंतर ती आखडून भिंतीच्या पायथ्याशी येते. एकेका जाळीपुढे थांबून नक्षी मोजा: इथे षट्कोन, शेजारी तारा, पुढे आणखी काही. जाळीचा दगड फुटतो तो बहुधा जिथे दोन बारीक काड्या एकमेकींना मिळतात तिथे, आणि नवा तुकडा बसवला असेल तर तो रंगावरून लगेच कळतो. शेजारच्याच छोट्या चौथऱ्यावर तानसेनची कबर आहे. तिथे पाच मिनिटं पुरतात, पण संगीतवाल्या माणसाला बरोबर नेलं तर तासाची तयारी ठेवा.

जाळीत पहिला नंबर मी भारतालाच देतो, आणि यात आपलेपणाचा भाग नाही. अहमदाबादची सिदी सय्यद मशीद (1573) घ्या. तिथे झाडाच्या फांद्या दगडात एकमेकींत गुंतवल्या आहेत आणि भौमितिक साचा जवळपास विरून गेला आहे. स्पेनमधलं ग्रानाडाचं अल्हाम्ब्रा याच्या उलट वाटेनं जातं. तिथली नजर खिळवणारी कामं गिलाव्याची आहेत, दगडाची नाहीत. सिंहांच्या चौकात संगमरवराचे 124 बारीक खांब आहेत, पण वरचं लोंबतं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं काम जिप्समच्या गिलाव्याचं. गिलावा हलका, साच्यात पटकन होतो, रंग घेतो, म्हणून ते लोक छतातून हजारो तुकडे लोंबवू शकले. तेच दगडात करायचं तर छत खाली आलं असतं. उलट तो गिलावा आपल्या पावसात उघड्यावर ठेवला तर फार टिकणार नाही. ग्रानाडाला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: अल्हाम्ब्राच्या आतल्या राजवाड्यांच्या, म्हणजे नासरी महालांच्या, तिकिटावर आत शिरायची ठरलेली वेळ छापलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत, मग बाकीचा परिसर कितीही फिरा. तिकिटं काही आठवडे आधी काढा.

मकबऱ्यापासून साधारण एक किलोमीटरवर किल्ल्याचा ग्वाल्हेर दरवाजा. गाडीची वाट पलीकडून, उरवाई दरवाज्याने आहे. पण वर पायी ग्वाल्हेर दरवाज्याने चढावं आणि उरवाईने उतरावं. उलट केलं तर मान मंदिराची पूर्वेकडची भिंत उन्हात दिसतच नाही. ही भिंत थेट कड्याच्या काठावर उभी आहे, गोल बुरुजांची, आणि सकाळचं ऊन तिच्यावर पडत असताना खालून चढताना ती वाढत जाते. डिसेंबर-जानेवारीत धुकं असेल तर हे सगळं दहा-अकरापर्यंत गायब असतं, त्या दिवशी आधी पायथ्याच्या गुजरी महालातलं संग्रहालय करा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा ही चढण नको. दक्षिणेकडच्या भिंतीला उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने उजेड मिळतच नाही म्हटलं तरी चालेल, थंडीत मात्र दिवसभर मिळतो. टाइल पाहायच्या तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी. छोटी दुर्बीण बरोबर असू द्या, बदकांच्या वरच्या ओळी नुसत्या डोळ्यांना पुरत नाहीत.

मान मंदिर बांधणारा राजा मानसिंह तोमर 1486 ते 1516 गादीवर होता, म्हणजे ही निळाई इराणमधल्या इस्फहानच्या प्रसिद्ध मशिदींच्या शंभर वर्षं आधीची. बाबर 1528 मध्ये इथे आला होता. बाहेरचं रंगकाम आणि केळीची झाडं त्याने नोंदवली, इमारत त्याला आवडलीही, पण बांधणी जड आणि बेशिस्त वाटली, खालचे मजले अंधारे वाटले. त्याची तक्रार खोटी नाही. जमिनीखालचे दोन मजले आजही टॉर्चशिवाय पाहता येत नाहीत, वटवाघळांचा वास असतो, पायऱ्या अरुंद आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी वरचे दोन चौक पाहून थांबावं.

खोल्या लहान का, याचं उत्तर छतात आहे. वर पाहा: कमान जवळपास नाही, दगडी तुळया आहेत, आणि तुळईखाली भिंतीतून पुढे आलेले कोरीव दगडी हस्त. वालुकाश्माची तुळई लांब केली की मधे तिच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि दगड ताणाला कच्चा, म्हणून ती तडकते. हस्त दोन्ही बाजूंनी पुढे काढले की मधलं अंतर तेवढं कमी होतं. इराणात विटांची कमान आणि भराभर धरणारा जिप्समचा गारा हाताशी होता, म्हणून तिथले दालन रुंद झाले. आपल्याकडे दगड होता आणि दगडावर हात बसलेला होता, म्हणून दालन लहान राहिलं आणि नक्षी मोठी झाली. मला यात कमीपणा दिसत नाही, फक्त बाबराला समरकंदची सवय होती.

टाइलमध्ये मात्र पहिला नंबर इराणचा, आणि दुसरा कोण यावर मी बराच वेळ घालवू शकतो.

इस्फहानच्या नक्श-ए-जहाँ चौकात (560 मीटर लांब, 160 मीटर रुंद) दोन मशिदी आहेत आणि दोघींत टाइलच्या दोन वेगळ्या पद्धती शेजारी-शेजारी पाहता येतात. पहिली पद्धत तुकड्यांची. प्रत्येक रंगाची टाइल वेगळी भाजायची, कारण प्रत्येक रंग वेगळ्या आचेवर खुलतो. मग ती छिन्नीने हव्या आकारात तोडायची, तुकडे पालथे मांडून नक्षी जुळवायची आणि मागून जिप्सम ओतायचं. सुकलं की पाटी उचलून भिंतीवर लावायची. वेळखाऊ, महाग, पण रंग अप्रतिम. दुसरी पद्धत सातरंगी. एकाच चौकोनी टाइलवर सगळे रंग भरायचे, ते एकमेकांत वाहू नयेत म्हणून मधे चिकट काळी रेघ ओढायची आणि एकदाच भाजायचं. काम झपाट्याने होतं, पण एका आचेत कोणताच रंग पूर्ण खुलत नाही. 1611 मध्ये सुरू झालेल्या शाही मशिदीला इराणचा बादशाह शाह अब्बास याची घाई होती, म्हणून तिथे दुसरी पद्धत सर्रास दिसते. शेख लुत्फुल्लाह मशीद (1603 ते 1619) छोटी आहे, मिनार नाहीत, अंगण नाही, पण टाइलकामात ती वरचढ आहे.

तिथे वेळ साधायची युक्ती: लुत्फुल्लाहचं प्रवेशद्वार पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून तिथे दुपारनंतर जा. घुमटाच्या बाहेरची पार्श्वभूमी बिनझिलईच्या मातकट विटांची आहे, कलत्या उन्हात ती गुलाबी होते. शाही मशिदीचं दार उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे त्यावर वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही. फोटो फिके आले म्हणून कॅमेऱ्याला दोष देऊ नका. आत शिरल्यावर वाट अचानक वळते, कारण चौकाची दिशा एक आणि मक्केची दिशा दुसरी.

दुसऱ्या नंबरासाठी उझबेकिस्तान आणि तुर्कस्तान भांडतात. समरकंदचा रेगिस्तान नावाचा चौक मधे उभं राहून पाहिला तर इस्फहानपेक्षा भव्य वाटेल. उलुगबेगचा मदरसा (1417 ते 1420) आपल्या मान मंदिरापेक्षाही जुना. पण तिथे दर दहा पावलांवर विचारावं लागतं की ही टाइल कोणत्या शतकातली. बीबी खानम मशीद तैमूरने 1399 ते 1404 मध्ये घाईत आणि अफाट आकारात उभारली, बांधून झाल्यावर थोड्याच काळात ती ढासळू लागली, 1897 च्या भूकंपाने उरलेल्यातलं आणखी काही पाडलं, आणि आजचं बरंचसं काम विसाव्या शतकातलं आहे. मला मान मंदिराची निखळलेली खाच त्यापेक्षा प्रामाणिक वाटते. हे माझं मत, पुष्कळांना पटत नाही.

म्हणून दुसरा नंबर मी इस्तंबूलला देतो, तोही एका छोट्या मशिदीसाठी. एमिनोन्यूच्या बाजारात दुकानांच्या वर जिना चढून गेलं की रुस्तम पाशा मशीद येते, सोळाव्या शतकातली, उस्मानी वास्तुकार सिनानची. तुर्कस्तानातल्या इझनिक गावच्या टाइलमधला लाल रंग इथे पाहावा. लोहयुक्त मातीचा तो थर झिलईखाली इतका जाड आहे की खिडकीच्या बाजूने तिरपं पाहिलं तर ट्यूलिपची पाकळी पृष्ठभागावर किंचित उठलेली दिसते. समोरून पाहणाऱ्याला हे कळतच नाही. सतराव्या शतकात हाच लाल तपकिरी होत गेला, त्यामुळे कुठेही इझनिकची टाइल दिसली की लालवरून काळाचा अंदाज बांधता येतो. नमाजाच्या वेळा टाळून जा, शुक्रवारी दुपारी तर नकोच.

पोर्तुगालची निळी-पांढरी टाइल वेगळ्या जातीची, ती चित्रासाठी आहे. पोर्तूच्या साओ बेंतू स्टेशनात सुमारे 20,000 टाइलांवर इतिहासातले प्रसंग आहेत, गाडीची वाट पाहताना फुकट पाहता येतात. सुंदर आहे, पण इमारतीच्या आकाराशी तिचं नातं थोडं, कॅलेंडर लावावं तसं.

टाइल का पडते, हे ग्वाल्हेरलाच नीट समजतं. झिलई म्हणजे काच. उन्हात काच, तिच्यामागची भाजलेली माती आणि भिंतीचा दगड वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. सांध्याला केसाएवढी फट पडते, पावसाळ्यात पाणी मागे शिरतं, सुकताना क्षाराचे खडे होतात आणि ते टाइलला मागून ढकलतात. इस्फहानला पाऊस अगदी थोडा, ग्वाल्हेरला त्याच्या कित्येक पट. पाचशे वर्षं इथे काही बदकं टिकली ती टाइल दगडाच्या खाचेत बसवल्यामुळे, नुसती वर चिकटवली असती तर आज पाहायला काही नसतं.

किल्ल्यावरून निघण्याआधी सास-बहू मंदिर (1093) आणि तेली का मंदिर. तेली का मंदिर सुमारे शंभर फूट उंच, आणि माथा नेहमीच्या शिखरासारखा निमुळता नाही, गाडीच्या टपासारखा लांबट गोल. उत्तर भारतात असा माथा फार थोडा पाहायला मिळतो. मग उरवाईने उतरताना कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या जैन मूर्ती, सर्वांत मोठी 57 फुटांची. बाबराच्या हुकुमाने यांची तोंडं फोडली गेली, नंतर गिलाव्याने पुन्हा घडवली. मानेपाशी थांबून पाहा, दगडाचा पोत जिथे संपतो तिथे गिलावा सुरू होतो.

दुपार जयविलासची. 1874 चा हा महाल जयाजीराव शिंद्यांसाठी मायकेल फिलोजने बांधला, आणि खांबांची उतरंड इटलीहून उचलली: तळमजल्यावर टस्कन, मधे डोरिक, वर कॉरिंथियन. साधा आणि जड खांब खाली, नाजूक वर, हा क्रम रोमच्या कोलोसियमवर इ.स. 80 पासून आहे. ओळखायला सोपं: माथ्यावर नुसती गोल चकती तर टस्कन किंवा डोरिक, पानांचा गुच्छ तर कॉरिंथियन. खांबांत आणि प्रमाणात पहिला नंबर इटलीचाच, जयविलास ही चांगली नक्कल. पण दरबार हॉलची साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं इटलीतही कुणी एवढ्या सहज दाखवत नाही. छताची ताकद तपासायला वर हत्ती चढवले होते, असं गाइड सांगतात. हत्ती खरे असोत नसोत, हिशोब बरोबर आहे, झुंबराचं सगळं वजन एका कडीवर येतं. संग्रहालयाचा सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, नाहीतर फाटकावरून परत यावं लागतं.

दुसरा दिवस मोकळा असेल तर आग्रा, सुमारे 120 किलोमीटर. ताज शुक्रवारी बंद असतो, किल्ला उघडा. त्या दिवशी सरळ किल्ल्यातल्या जहांगिरी महालात जा आणि छताखालचे दगडी हस्त पाहा. मान मंदिर आदल्या दिवशी पाहिलेलं असेल, तर ते कुठून आले हे कुणाला विचारावं लागणार नाही.