तिथूनच परत का नाही फिरलात?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते. म्हणजे पुढच्या लग्नात, लिफ्टमध्ये किंवा भाजीवाल्यापाशी कुणी गाठलं, की हेच पुढे करता येईल.

प्रश्न असा: "सहलीच्या सुरुवातीलाच आईचा हात मोडला, तर तिथूनच परत का नाही फिरलात? ७७ वर्षांच्या बाईला प्लास्टरसकट क्रोएशियाभर का हिंडवलंत?" मावशीने विचारलं, दादाने विचारलं (तो विचारत नाही, सुनावतो), खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. फिजिओथेरपीवाल्या मुलीनेसुद्धा आईचं मनगट वळवता वळवता विचारलं. प्रत्येकाच्या आवाजात पहिल्या शब्दापासून निकाल असतो, मला फक्त सही करायची असते.

काहीजण याच्याही मागे जातात. या वयात तिकडे न्यायचंच कशाला, त्यापेक्षा बसमधून स्वित्झर्लंड दाखवायचं. त्यांचं आधी उरकते. आई चिपळूणला भूगोल शिकवायची. चुनखडीच्या प्रदेशाचा धडा आला की रंगीत खडूंनी फळाभर आकृत्या काढायची, डोलाइन, उवाला, पोल्ये (चुनखडी विरघळून होणारे लहानमोठे खळगे), भूमिगत नद्या. आणि खिडकीबाहेर बघावं तर सगळा जांभा. ज्या जागेवरून अशा प्रदेशाला 'कार्स्ट' हे नाव पडलं ती ॲड्रियाटिकच्या उत्तर टोकाशी आहे, आणि तिथून खाली मॉन्टेनेग्रोपर्यंत किनाऱ्याला लागून तोच दगड. २०२३ च्या जानेवारीत क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आला, त्या एका देशासाठी वेगळ्या व्हिसाची यातायात संपली, आणि त्याच सप्टेंबरात आम्ही निघालो. झाग्रेबला उतरायचं, प्लिट्वित्सेची तळी बघायची, मग शिबेनिक, स्प्लिट करत दुब्रोव्हनिकहून विमान पकडायचं. हा रस्ता आईने आखला होता, शाळेच्या जुन्या ॲटलासमध्ये, पेन्सिलीने. मी फक्त बुकिंग केलं.

आता प्लिट्वित्से.

तिथे १६ तळी आहेत, एकाखाली एक उतरत गेलेली, मध्ये बांध आणि बांधांवरून धबधबे. बांध माणसाने घातलेले नाहीत. पाण्यात विरघळलेला चुना शेवाळावर, पानांवर, पडलेल्या काटक्यांवर बसतो, शेवाळाचा दगड होतो, त्यावर नवं शेवाळ येतं आणि असा तो बांध चढत जातो, वर्षाला साधारण सेंटिमीटरभर. म्हणून पाण्यात पाय घालायचीसुद्धा बंदी. चालायला लाकडी फळ्यांच्या वाटा आहेत, पाण्याच्या वीतभर वर, बऱ्याच ठिकाणी कठड्याशिवाय. कठडा नसतो हे मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. म्हणूनच आम्ही वरून खाली येणारा मार्ग घेतला होता: पार्कच्या बसने वरच्या तळ्यांपर्यंत, तिथून उताराने चालत, मग कोझ्याक या मोठ्या तळ्यावर विजेवरची बोट. काठी होती. चांगल्या तळव्यांचे बूट होते. हे सगळं मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच ते वकिली वाटायला लागलंय.

रात्री पाऊस पडून गेला होता. एका ठिकाणी आई थांबली आणि वाकली. फळीच्या कडेला पाण्यात एक काटकी होती, अर्धी काळी, उरलेल्या अर्ध्या भागावर पांढरं, खरबरीत, बोटभर जाडीचं पुट. "हे बघ," ती म्हणाली, "पुस्तकात हे कधी नीट छापून येत नाही." हात लावला नाही तिने, नियम म्हणजे नियम. ती सरळ होत असताना मागून एक घोळका आला. त्यांना वाट द्यायला तिने पाय मागे घेतला, आणि तो पाय ओल्या फळीवरून गेला. पाण्यात पडली नाही. उजवा तळवा टेकून फळीवर पडली. चष्मा मात्र पाण्यात गेला आणि तळाशी जाऊन बसला, काड्या उघड्या, अगदी स्वच्छ दिसत होता. मी आधी चष्म्याकडे बघितलं. का, ते मला आजही सांगता यायचं नाही. मग मनगटाकडे बघितलं. डॉक्टरी पुस्तकांत या फ्रॅक्चरला जेवणाच्या काट्याची उपमा देतात, ते नंतर कळलं. मनगट खरंच तसंच दिसत होतं.

घोळका थांबला होता. मागची रांग वाढत होती, कारण वाट तेवढीच रुंद. कुणीतरी पाणी दिलं, कुणीतरी स्कार्फ सोडून झोळी बांधली. एक माणूस मोबाइल वर धरून उभा होता. तो आमचा फोटो काढत होता की मागच्या धबधब्याचा, मला कळलं नाही, पण मी त्याच्यावर मराठीतून ओरडले. लाल जॅकेटातले दोघे बचाववाले आले, त्यांनी हाताला फळी लावली. आई त्यांना म्हणाली, "माय ग्लासेस." त्यांनी पाण्यात बघून मान हलवली. नंतर हॉस्पिटलच्या बाकावर तिने स्वतःच हिशेब केला: "वर्षाला सेंटिमीटर धरला तरी निदान पाच वर्षं तो ओळखू येईल." दुसरा चष्मा तिच्या पर्समध्ये होताच. मास्तरणीकडे असतोच.

हॉस्पिटल गाडीने तासाभरावर. मनगटात भूल देऊन एकाने कोपर धरलं, दुसऱ्याने बोटं ओढली आणि हाड जागेवर आणलं. मी बाहेर होते. दाराबाहेर विमा कंपनीच्या हेल्पलाइनवरची मुलगी मला गावाच्या नावाचं स्पेलिंग तिसऱ्यांदा विचारत होती. मग प्लास्टर, गोळ्या, आणि डॉक्टरांचं म्हणणं: आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढा, हाड सरकलंय का बघावं लागेल. प्रवास? करू शकता, हात उंच ठेवा, बोटं हलवत राहा.

तर, परत का नाही फिरलो. पहिलं उत्तर मी दादाला त्याच रात्री फोनवर दिलं. परतीचं तिकीट दुब्रोव्हनिकहून होतं, बदलायचं तर जवळपास नव्या तिकिटाचे पैसे. ताज्या प्लास्टरच्या आत सूज वाढते, म्हणून पहिले दोन दिवस विमान कंपन्या प्लास्टर उभं चिरून घ्यायला सांगतात. दोन विमानं बदलत रात्रभर तसा हात सांभाळायचा, की गाडीत मागच्या सीटवर उशीवर हात ठेवून दोन-तीन तासांच्या टप्प्यांनी किनाऱ्याने जायचं? शिवाय डॉक्टरांची परवानगी होती. सगळं बिनतोड, सगळं खरं.

आणि तरी ही कारणं मी निर्णय झाल्यावर गोळा केली होती.

निर्णय झाला तो पाहुणघराच्या स्वयंपाकघरात. घरमालकीण माझ्या वयाची, पूर्वी तिची आई पार्कातल्या हॉटेलात कामाला होती. १९९१ च्या ईस्टरला, ३१ मार्चला, या तळ्यांपाशीच पोलीस आणि सर्ब बंडखोर यांच्यात गोळीबार झाला, दोन्ही बाजूंचा एकेक माणूस मेला, आणि पुढच्या क्रोएशियन स्वातंत्र्ययुद्धातले ते पहिले बळी धरतात. त्या वर्षी हे कुटुंब घर सोडून गेलं ते १९९५ नंतर परतलं, तेव्हा घराला छप्पर नव्हतं. हे तिने सूप वाढता वाढता सांगितलं, कसलाही बोध न काढता. आई डाव्या हाताने चमचा धरून ते सांडत होती. मी म्हटलं, परवाचं तिकीट बघू का? ती म्हणाली, "परत जाऊन काय करू? हात तिथेही मोडलेलाच असणार. आणि सगळे बघायला येतील."

हे वाक्य मी सगळ्यांना सांगते, कारण ते माझ्या सोयीचं आहे. ते ऐकल्यावर मला जे वाटलं ते मात्र सांगत नाही. मला हायसं वाटलं. मला जायचं होतं. बाबांच्या आजारपणात आणि नंतर मुलीच्या परीक्षांत मी कुठेकुठे जायचं रद्द केलं, त्याची यादी माझ्याकडे पाठ आहे. आणखी एक रद्द करायची माझी तयारी नव्हती. तिने 'परत जाऊ' म्हटलं असतं तर मी नेलं असतं, याबद्दल मला शंका नाही. पण तिने ते म्हणू नये अशी माझी इच्छा होती, आणि आईला माझा चेहरा वाचता येतो. मग ते उत्तर तिचं किती आणि माझं किती?

त्या वेळची मी याला लगेच उत्तर देते: म्हणजे ७७ वर्षांच्या, अक्कल शाबूत असलेल्या बाईचा शब्द खरा धरायचा नाही? तिला 'हिंडवलं' म्हणणाऱ्या काकूंमध्ये आणि तुझ्यात मग फरक काय? यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. गप्प बसते.

पुढचा प्रवास कसा झाला हे कुणीच विचारत नाही, तरी सांगते. रोज सकाळी मी आईची वेणी घालायचे आणि सलवारीची नाडी बांधायचे. माझ्या आठवणीत आईने कुणाकडून वेणी घालून घेतलेली नाही. पहिल्या दिवशी आम्ही दोघी भिंतीकडे बघत होतो. "घट्ट बांध, रस्त्यात सुटायला नको." मी घट्ट बांधली. "एवढी नको, जेवायचंय अजून." दुपारपर्यंत आम्ही चिडलेल्या असायचो.

शिबेनिकच्या कॅथेड्रलला ती बाहेरच्या बाजूनेच फिरत राहिली. १४३१ ते १५३५, शंभर वर्षं बांधकाम. छप्परसुद्धा दगडी शिळांचं, लाकडाचा वासा नाही. मागच्या भिंतीवर माणसांची ७१ दगडी मुंडकी आहेत, त्या काळच्या साध्या चेहऱ्यांची. आईने ती मोजली. दोनदा. "वर्ग भरलाय," एवढंच म्हणाली.

क्र्का नदीवरच्या पार्कात आमचं भांडण झालं. तोही तसाच चुन्याच्या बांधांचा धबधबा, तशाच फळ्या. तिला त्या वाटेवरून जायचं होतं, मी जाऊ दिलं नाही. स्क्रादिनहून पार्कची बोट धबधब्याच्या पायथ्याशी नेते, तिथे बाकावर बसून तिने माझ्याशी न बोलता पाण्याकडे बघितलं. थोड्या वेळाने समोरच्या रिकाम्या पाण्याकडे बोट करून म्हणाली, "इथे २०२० पर्यंत पोहू देत होते. आता बंद केलंय. बरं केलं." मला उद्देशून नव्हतं, पण तह झाला.

स्प्लिटला आठवड्याचा एक्स-रे. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या राजवाड्यात सतराशे वर्षं लोकांची ये-जा आहे, तिथली फरसबंदी इतकी गुळगुळीत झालीय की दिव्यांच्या उजेडात ओली दिसते. मी त्या राजवाड्याचं छत बघितलेलं नाही. मी फक्त आईचे पाय बघितले. एक्स-रेमध्ये हाड किंचित मागे झुकलं होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं चालतं, हात कामाला लागेल. मी ते दादाला कळवलं नाही, दुब्रोव्हनिकला पोचल्यावर कळवलं.

दुब्रोव्हनिकची तटबंदी १९४० मीटर, तिकीट तेव्हा ३५ युरो, आणि एकाच दिशेने चालायचं. तिथे आईने हट्ट धरला नाही. पिले दरवाज्यावर गावाच्या रक्षणकर्त्या संताची, सेंट ब्लेझची, मूर्ती आहे. तिच्याकडे बघून म्हणाली, "हा आपल्या गवंडाळीचा." तिचं आजोळ गोव्यातल्या कुंभारजुव्याचं, पलीकडच्या तीरावर गवंडाळीला त्याच संताचं चर्च आहे, आणि त्याचा संबंध याच गावच्या व्यापाऱ्यांशी सांगतात. आत भिंतीवर १९९१-९२ च्या तोफगोळ्यांचा नकाशा लावलाय, कुठलं छप्पर फुटलं, कुठलं घर जळलं. जुन्या गावातल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ ना मार बसला होता. आई तो नकाशा सूचीसकट वाचत इतका वेळ उभी राहिली की मागे पुन्हा रांग लागली. या वेळी तिने कुणाला वाट दिली नाही.

घरी आल्यावर इथले डॉक्टर दोन्ही एक्स-रे बाजूबाजूला लावून म्हणाले, "लगेच आला असतात तर मी प्लेट टाकली असती." हे वाक्य दादाला पाठ आहे. ते डॉक्टर पुढे असंही म्हणाले, की या वयात प्लेट टाकली काय आणि नाही काय, वर्षभराने हात बहुधा सारखाच चालला असता. हे दादाला आठवत नाही. मनगट थोडं तिरकं जुळलंय. पोळ्या ती लाटते. कुकरचं झाकण आणि कपाटाची किल्ली फिरवताना डावा हात मदतीला घेते. तिने कपाट उघडलं की मी दुसऱ्या खोलीत जाते.

लगेच आलो असतो तर मनगट सरळ असतं का? असतंही कदाचित. ॲनेस्थेशियाचं तिच्या छातीला झेपलं असतं का? तेही कदाचितच. तुम्हाला नक्की माहीत असेल तर कृपा करून मला सांगू नका.

आता यावरचा पुढचा प्रश्नही तुमच्या तोंडावर आलाय: 'पुन्हा नेशील का?' तो आईला विचारा. स्लोव्हेनियातल्या श्कोत्सियनच्या गुहांना आत किती पायऱ्या आहेत, ते तिने माझ्या मुलीकडून इंटरनेटवर बघून घेतलंय, असं माझ्या कानावर आहे. नंबर तुमच्याकडे आहेच. पाचनंतर करा, त्याआधी ती झोपलेली असते.