तुम्ही विचारलंत म्हणून: मीटर मागे करता का हो?

मी जुन्या गाड्या विकतो हे लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला कळलं, की जिलेबी वाढून व्हायच्या आत प्रश्न येतो : "खरं सांगा, मीटर मागे करता ना तुम्ही लोक?" विचारणारे हसत विचारतात, पण उत्तर ऐकायला थांबतात. म्हणून एकदा नीट लिहितो.

मीटर मागे करणं म्हणजे गाडी किती किलोमीटर पळाली तो आकडा कमी करून ठेवणं. आम्ही ते करत नाही. या धंद्यात मात्र होतं, आणि डिजिटल मीटर आले म्हणून ते थांबलेलं नाही. लॅपटॉप जोडून आकडा बदलून देणारे लोक आहेत. तेव्हा आमची बदनामी उगाच झालेली नाही, हे आधीच मान्य करतो. पण कोल्हापुरात मी ज्या टेबलाशी बसतो तिथून या गोष्टीची दुसरी बाजूही रोज दिसते. ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

गिऱ्हाईक येतं ते यादी पाठ करून. फर्स्ट ओनर पाहिजे, नॉन-अ‍ॅक्सिडेंट पाहिजे, 40 हजारांच्या आत पळालेली पाहिजे, आणि बजेट साडेतीन लाख. एक निवृत्त शिक्षक मुलाला घेऊन आले होते. त्यांना मी 2017 ची डिझेल स्विफ्ट दाखवली. औषध कंपनीच्या प्रतिनिधीची गाडी, कोल्हापूर-पुणे हायवेवर पळालेली, प्रत्येक सर्व्हिस कंपनीच्या सेंटरला झालेली, सगळी बिलं फाईलमध्ये. काकांनी दार उघडायच्या आधीच काचेतून मीटर बघितलं. 1 लाख 12 हजार. "नको नको, फार पळालीय," म्हणाले आणि निघाले. मी फाईल पुढे केली, ती त्यांनी हातातही घेतली नाही.

महिनाभरानं त्यांचा मुलगा दुसरीकडून घेतलेली तशीच गाडी दाखवायला घेऊन आला. गिअर टाकताना आवाज येत होता. मीटरवर 46 हजार. मी खाली वाकून पॅडल बघितले. क्लचचं रबर एका बाजूनं पार झिजून आतलं लोखंड चकाकत होतं. स्टिअरिंगवर हात जिथे राहतात तिथलं दाणेदार रेक्झिन गुळगुळीत झालेलं, ड्रायव्हरच्या सीटची उतरायची कड बसलेली. शेजारच्या सीटवर मात्र कोणी बसलंच नसावं इतकी ती कोरी. मुलानं कंपनीच्या सेंटरला जाऊन चासी नंबरवर नोंद काढून घेतली, तेव्हा आदल्या वर्षीची सर्व्हिस 96 हजारांवर झालेली निघाली. आमच्याकडच्या गाडीपेक्षा 60 हजार रुपये जास्त मोजले होते त्यांनी.

मला चीड येते ती इथे. आकडा बदलणारा लबाड आहेच, पण त्या आकड्याला 60 हजार जास्त देणारा बाजार आहे म्हणून त्याचं दुकान चालतं. हायवेवर एका चालीनं लाखभर किलोमीटर पळालेलं, वेळेवर ऑइल बदललेलं इंजिन हे गल्लीबोळात क्लच दाबत 40 हजार पळालेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा निरोगी असतं. दोन वर्षं पार्किंगमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीची बॅटरी जाते, रबरी सील कडक होतात, टायर चिरतात. तरी तिचा आकडा बघून लोक खूश होतात. खरा आकडा सांगणाऱ्याला आपण सगळे मिळून शिक्षा करतो आणि मग खरं कोणी बोलत नाही म्हणून तक्रार करतो.

अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या गाड्यांच्याच बाजाराचं उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. पुढे 2001 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं, की विकणाऱ्याला गाडीतलं कळतं, घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून घेणारा भीतीपोटी सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगली गाडी असलेला माणूस बाजारात यायचंच सोडतो. आपल्याकडे तो ती मेव्हण्याला देऊन टाकतो.

आणि लपवणारे फक्त आम्ही असतो का? ऑगस्ट 2019 चा महापूर आणि पुन्हा जुलै 2021 चा पूर कोल्हापूरनं बघितला. त्यानंतर आमच्याकडे विकायला आलेल्या गाड्यांच्या मालकांत चांगले शिकलेले, मानाचे लोक होते. "गाडी पाण्यात नव्हती हो, आधीच वर नेऊन लावली होती." आतून गाडी धुऊन, सुगंधी डबी लावून आणलेली. मी गप्प बसतो आणि सीटबेल्ट ओढतो. नेहमी ओढतो तेवढा नाही, शेवटपर्यंत, पट्टा संपेपर्यंत. पुरातल्या गाडीत शेवटच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची राखाडी रेघ असते, कारण तिथपर्यंत धुणाऱ्याचा हात जात नाही. मग सीटखालच्या रुळांचे बोल्ट, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, गालिच्याखालचा फोम. हीच माणसं गाडी घ्यायच्या वेळी टेबलापलीकडे बसून "खरं सांगा" म्हणतात.

किलोमीटरवर एवढं बोलणारी माणसं कागदांबद्दल मात्र चकार शब्द काढत नाहीत. खरा गळफास कागदात असतो. टीटीओच्या, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करायच्या, पैसे मोजून घ्यायचे, किल्ली द्यायची आणि विसरून जायचं, ही आपली जुनी रीत. कायद्यानं राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत. कोण कळवतो? गाडी तीन हात फिरते, कुठेतरी माणूस उडवते, आणि नोटीस येते ती आरसीवर नाव असलेल्याला. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की गाडी विकली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. 1 एप्रिल 2023 पासून नियम आला, की आमच्यासारख्यांनी आरटीओकडून अधिकृत डीलर म्हणून प्रमाणपत्र घ्यायचं. गाडी आमच्या ताब्यात दिल्याचं मालकानं सरकारी पोर्टलवर कळवलं, की पुढची जबाबदारी आमची. हा नियम मला मनापासून पटतो. गाडी विकताना किंमत दोन हजारांनी कमी मिळाली तरी चालेल, पण समोरच्याला त्याचं प्रमाणपत्र विचारा.

घेणाऱ्यांनी आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघावं. कर्ज फिटलं म्हणजे बोजा उतरला असं होत नाही. बँकेचं एनओसी आणि 35 नंबरचा फॉर्म लागतो. थकलेली चलनं बघावीत. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलंय का, सिलिंडरची दर 3 वर्षांची चाचणी झालीय का, हे बघावं. कर्नाटकातल्या निपाणीकडचं गिऱ्हाईक असेल तर त्याला मी आधीच सांगतो, की एमएच 09 ची गाडी तिकडे नेऊन नावावर करायची तर इथलं एनओसी लागेल आणि कर्नाटकचा टॅक्स वेगळा भरावा लागेल. हे ऐकून काही जण उठून जातात. जाऊ देत.

"एका गाडीमागे किती सुटतात?" हा पुढचा प्रश्न. त्याचं एकच उत्तर नाही. घेतल्या आणि विकल्या किमतीतल्या फरकातून टायर, बॅटरी, डेंटिंग-पेंटिंग, जागेचं भाडं, अडकलेल्या पैशाचं व्याज जातं, आणि त्या फरकावर 18 टक्के जीएसटी. डिसेंबर 2024 मध्ये हा दर ठरला तेव्हा पूर्ण किमतीवर कर लागणार अशी बोंब झाली होती. तसं नाही, कर आमच्या फरकावर लागतो, आणि घरच्या माणसानं स्वतःची वापरातली गाडी विकली तर त्याला लागतच नाही. मला पगार थोडा, बाकी गाडीमागे कमिशन. पितृपक्षात पंधरा दिवस कोणी फिरकत नाही. अमावास्येला डिलिव्हरी घ्यायला कोणी तयार नसतं. पाडवा आणि दसऱ्याला जेवायला वेळ नसतो.

मग हे काम का करतो? आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळांची ती घरातली पहिली गाडी असते. उसाचं बिल आलंय, भिशी लागलीय, आईला डायलिसिसला आठवड्यातून दोनदा न्यायचंय. अशा माणसाचे अडीच लाख चुकीच्या गाडीत गेले तर ते परत उभे राहायला वर्षं लागतात. त्याला धड गाडी मिळवून देणं हे मला मोलाचं काम वाटतं, आणि ते करणारे माझ्यासारखे बरेच आहेत.

तेव्हा आमच्याकडे या किंवा कुणाकडेही जा, मीटर शेवटी बघा. आधी चासी नंबरवरून सर्व्हिसची नोंद मागा. उद्यमनगरातला तुमच्या ओळखीचा मेकॅनिक सोबत घ्या. जो विक्रेता त्याला बोनेट उघडू देत नाही, तिथून परत फिरा. इंजिन थंड असताना पहिला स्टार्ट तुमच्यासमोर मारायला सांगा. आणि दिवसाउजेडी या. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पुन्हा मारलेला रंग मलाही धड ओळखू येत नाही.