गोळ्या बंद करा म्हणाले, तो दिवस
१ जूनपासून मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला लागल्या आणि त्याच आठवड्यात ते आमच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, आले. सिंधुदुर्गातले तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, वजन ३९ किलो. गाव सांगत नाही. किनाऱ्यावर माणूस लगेच ओळखला जातो. एचआयव्ही, थुंकीत टीबी आणि सीडी-४, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या मदतनीस टी पेशी, फक्त ४१. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात.

आधी टीबीची औषधं, दोन आठवड्यांनी एचआयव्हीच्या गोळ्या. ताप उतरला, पेज पोटात राहू लागली.

गोळ्यांचा तिसरा आठवडा. धो धो पावसात बायको त्यांना रिक्षात घालून घेऊन आली. मानेवर लिंबाएवढी गाठ, ताप १०२.

"डॉक्टरांनू, गोळ्यो सुरू केल्यार जास्तच झाला. बंद करा."

माझ्या पोटात गोळाच आला. डबीतल्या गोळ्या मोजल्या, एकही चुकली नव्हती. औषधाला न जुमानणारा टीबी असेल? गाठीत सुई घालून नमुना पाठवला. रिफाम्पिसिन, टीबीचं मुख्य औषध, लागू पडत होतं. मग उलगडलं: पेशी परतत होत्या.

मदतनीस पेशी स्वतः टीबीचा जंतू मारत नाही. जंतू गिळून बसलेल्या भक्षक पेशींना ती इंटरफेरॉन-गॅमा हा रासायनिक निरोप सोडून चेतवते, तेव्हा त्या त्याला मारू शकतात. बी पेशींनाही चांगली प्रतिपिंडं बनवायला तिचीच साथ लागते. एचआयव्ही नेमका तिलाच धरतो.

त्यांना म्हटलं, "इतके दिवस तुमच्या बोटीवर खलाशी होते, पण तांडेल नव्हता. आता तो आलाय, आणि सगळे एकदम त्या जंतूंवर तुटून पडलेत. ही सूज त्या झटापटीची."

"म्हणजे बरा होताहा?" बायकोने विचारलं.

हो, पण हीच सूज मेंदूत आली तर जिवावर बेतते. चांगली खूण म्हणून सोडून देता येत नाही. प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड सुरू केलं, चार आठवड्यांत कमी करत थांबवलं. एचआयव्हीची एकही गोळी बंद केली नाही. याच टप्प्यावर घाबरून कोणी घरच्या घरी औषध सोडतं आणि परत फिरकत नाही, याची मला कायम धास्ती असते. हे निदान विचारायला तरी आले.

नारळी पौर्णिमेनंतर आले तेव्हा गाठ हरभऱ्याएवढी उरली होती. बोट त्यांच्याविना गेली होती; ते घरी जाळी शिवत होते. सीडी-४ १२६. त्यांनी कार्डावरच्या त्या आकड्यावर बोट ठेवून तो बायकोला दोनदा दाखवला.